लाल पानावरचं परकं नाव

१

सोमवारी सकाळी पावणेअकराला पौर्णिमाचा फोन वाजला आणि तिच्या आठ वर्षांच्या कामाला टाळं लागलं.

"मॅडम, वाण नोंदणीच्या ऑफिसातून बोलतोय. तुमच्या अर्जात साइटचा पत्ता दिलाय ना, तो उघडला की लालभडक पान येतं. पुढे धोका आहे म्हणतं. साहेबांनी घाबरून संगणकच बंद केला."

"असं कसं होईल? आमची साइट साधी भातशेतीची आहे."

"ते मला नका सांगू. शुक्रवारी समिती पाहणीला येतेय. तोवर पुरावा दिसला नाही तर अर्ज बाजूला पडेल."

पौर्णिमा शहापूरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत काम करायची, राहायची आटगावला. नोकरी पोटासाठी. जीव मात्र 'बांधावर' या साइटमध्ये. शहापूर आणि मुरबाडकडचे साडेसहाशे शेतकरी तिथं लिहायचे. कुठलं गावठी भात कुठं टिकलंय, करपा कशानं हटला, बी कुणाकडं मिळेल, याची चर्चा चालायची आणि प्रत्येक चर्चेत खाचराचे, लोंब्यांचे, दाण्यांचे फोटो असायचे. त्याच नोंदींच्या जोरावर तिनं आटगावच्या जानकीबाईंच्या घारसाळीसाठी अर्ज केला होता. दाण्याच्या टोकाला घारीच्या चोचीसारखा काळा बाक, म्हणून घारसाळ. वाण एकदा शेतकऱ्याच्या नावावर चढलं की उद्या कुठलीही कंपनी ते आपलं म्हणून विकू शकणार नव्हती.

तिनं साइट उघडली. पहिलं पान नीट होतं. घारसाळीच्या पानावर टिचकी मारली आणि सगळा पडदा लाल झाला. तिनं दचकून खिडकी बंद केली. पुन्हा उघडली, पुन्हा लाल, पुन्हा बंद.

साइट ज्या कंपनीच्या सर्व्हरवर होती तिथं फोन लावला. पंचवीस मिनिटं बासरी ऐकल्यावर एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आमच्या बाजूनं सगळं क्लीन आहे." पौर्णिमानं स्वतः तीनदा तपासणी चालवली. तीनदा 'काही आढळले नाही'. इकडं फोनवर फोन. कुणी म्हणालं, बाय, तुझ्या साइटनं माझा संगणक मारला. कुणी म्हणालं, आता आमच्या बँकेचं काय होईल? दुपारपर्यंत ती इतकी वैतागली की डबासुद्धा उघडला नाही.

संध्याकाळी घरी येऊन तिनं एकेक पान उघडून पाहिलं. काही पानं लाल, काही साफ. लाल पानांची यादी ती कागदावर लिहीत गेली आणि अकराव्या ओळीला तिचा पेन थांबला.

प्रत्येक लाल पानावर एकाच माणसानं लिहिलेलं होतं. प्रज्वल.

२

प्रज्वल टोकावड्याचा. शहापूरच्या एस. टी. स्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीचा गाळा चालवायचा. 'बांधावर' दोघांनी मिळून सुरू केली होती. ती लिहायची, तो मोटरसायकलवरून गावोगाव फिरून फोटो काढायचा. मे महिन्यात दोघांचं बिनसलं. तो म्हणत होता, घारसाळ मुळात माझ्या आईकडची आहे, अर्जात सकुबाईचं नाव हवं. पौर्णिमा म्हणाली, तुमच्याकडं त्याला घारूळ म्हणतात, नाव वेगळं, वाण वेगळं. बोलण्यानं बोलणं वाढलं आणि तिनं त्याचे चालकाचे हक्क काढून घेतले. साधा सभासद म्हणून त्याचं नाव तेवढं राहिलं.

"त्यानंच केलंय, काका," ती मंगळवारी सकाळी जयरामकाकांना म्हणाली. "अर्ज हाणून पाडायचाय त्याला."

जयरामकाका शेजारचे. टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं लाइनमन होते. कसाऱ्यापासून टोकावड्यापर्यंतच्या तारा त्यांनी पायी तुडवल्या होत्या. इंटरनेटचं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण बिघाड शोधणं हे त्यांच्या हाडात मुरलेलं होतं.

"काय गो, तू नाव आधी शोधलंस नि बिघाड मागून," ते म्हणाले. "आमी असं नाय करायचो. लाइन बंद पडली की मधल्या खांबावर चढायचं, दोनी बाजूंना आवाज बघायचा. जी बाजू जिती ती सोडायची. उरलेली पुन्ना अर्धी करायची. बिघाड आपला आपण हातात येतो."

"इथं खांब कुठं आहेत काका?"

"पानं हायत ना? लाल एकीकडं लिही, साफ एकीकडं. आनि साफ पानांत काय नाय ते सांग मला."

तिनं चिडतच चाळीस पानांची नावं लिहून काढली. साफ पानांवरही प्रज्वलचं लिखाण होतं! करप्यावर त्यानं हातभर लिहिलं होतं, ते पान नीट उघडत होतं. बियाण्याच्या देवाणघेवाणीचं पानही नीट. मग फरक काय? दुसऱ्यांदा यादी वाचताना तिला दिसलं. साफ पानांवर नुसता मजकूर होता. लाल पानांवर फोटो होते.

"फोटोत विष कालवलं म्हणजे!"

"कालवलं की कालवलं गेलं, ते मागून बघू," काका म्हणाले. "फोटोंबद्दल कुणी आधी कायबाय बोललं होतं?"

पौर्णिमा ओशाळली. ऑगस्टमध्ये सातआठ जणांनी लिहिलं होतं, फोटो दिसत नाहीत, नुसत्या चौकटी दिसतात. तिनं सगळ्यांना एकच उत्तर दिलं होतं: नेटवर्क स्लो असेल.

काकांनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात तिच्या मोबाइलवर एका सभासदानं फोटो पाठवला. मुरबाडच्या महिपतच्या बियाण्याच्या दुकानाचा. दर्शनी भिंतीवर लाल पानाची छापील प्रत डकवलेली होती. खाली हातानं लिहिलेलं: 'फुकटच्या बियाण्यापासून सावधान.'

३

महिपत हा दुसरा संशयित, आणि दोषी तोच निघाला असता तर पौर्णिमाला मनापासून आवडलं असतं. 'बांधावर'मुळे लोक एकमेकांत बी वाटू लागले होते आणि त्याच्या संकरित बियाण्याची गिऱ्हाइकं तुटली होती. ती त्याच दुपारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून काकांबरोबर मुरबाडला गेली.

"या, या. व्हायरसवाल्या बाई," महिपत गल्ल्यावरून हसला.

"हे पान तुमच्याकडं कसं आलं?"

"एक गिऱ्हाईक मोबाइलवर दाखवत होतं. मी त्या सायबरवाल्याला सांगितलं, मोठं करून छापून दे. काय गुन्हा झाला?"

"हे तुम्हीच घडवून आणलं असेल तर गुन्हाच आहे."

महिपतचं हसू मावळलं. "मला मशीन चालू करता येत नाय बाई. बिलं अजून हातानं फाडतो. तुमचं वाईट झालं त्याचा आनंद झाला, हे खरं. पण आनंद होणं नि करणं यात अंतर असतंय."

पौर्णिमा आणखी काही बोलणार तोच काका भिंतीजवळून म्हणाले, "पौर्णिमा, हे वाच."

सायबरवाल्यानं छापताना 'तपशील' दाबला असावा. लाल चौकटीखाली बारीक इंग्रजी अक्षरांत चार ओळी होत्या. पौर्णिमानं ते पान सोमवारपासून शंभरदा उघडलं होतं आणि शंभरदा बंद केलं होतं. इंग्रजी तिला येत होतं. वाचलं मात्र एकदाही नव्हतं.

ओळींचा अर्थ असा होता: या पानावर 'फोटोखण' नावाच्या संकेतस्थळावरचा मजकूर आहे, आणि ते संकेतस्थळ घातक प्रोग्रॅम पसरवते.

'बांधावर'चं नाव दोषी म्हणून कुठंच नव्हतं.

"फोटोखण कोन?" काकांनी विचारलं.

फोटोखण कोण ते पौर्णिमाला चांगलं ठाऊक होतं.

४

परतीच्या एस. टी.त तिनं काकांना समजावून सांगितलं. सुरुवातीला 'बांधावर'ला सर्व्हरवर जागा जेमतेम होती. फोटो मावेनात. मग प्रज्वलनं 'फोटोखण' या फुकट संकेतस्थळावर खातं उघडलं. फोटो तिथं ठेवायचे आणि आपल्या पानावर नुसता त्यांचा पत्ता द्यायचा. कुणी आपलं पान उघडलं की फोटो तिकडून येऊन चौकटीत बसायचा. बघणाऱ्याला वाटायचं, सगळं इथलंच.

"म्हंजी तार आपली, पन टोक दुसऱ्याच्या घरात," काका म्हणाले.

"हो. आणि त्या घरात कोण राहतं हे आपण आठ वर्षांत पाहिलंच नाही."

घरी आल्याबरोबर तिनं शोध घेतला. हे नाव कुणाच्या मालकीचं, कधीपासून, हे नोंदणीत पाहता येत होतं. जुनी कंपनी जुलैअखेर बंद पडली होती. फोटो पुसले गेले होते. नाव बेवारस झालं आणि सप्टेंबरात परदेशातल्या कुणा अनोळखी इसमानं ते उचललं. जगभरातल्या हजारो पानांवर त्या नावाचे जुने पत्ते चिकटलेले होते. त्यानं त्या पत्त्यांवर फोटोंच्या जागी विष ठेवलं. त्याला शहापूर ठाऊक नव्हतं, ना भात.

म्हणजे शत्रू कुणीच नव्हता. पौर्णिमाला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. लाल पान एक वेळ जाईल. पण फोटो? चारशे बारा फोटो पुसले गेले होते. शुक्रवारी समितीला दाखवायचं काय?

काका मात्र तिची चाळीस पानांची यादी नाकाशी धरून बसले होते.

"एक सांग. फोटो असलेलं हरेक पान लाल हाय म्हणालीस ना?"

"हो."

"मग हे एक साफ कसं? 'आयच्या खाचरातलं भात'. हितं तू पुढं अठरा फोटो लिवलेत."

पौर्णिमानं ते पान उघडलं. सकुबाईच्या शेतातले अठरा फोटो लख्ख दिसत होते. मे महिन्यानंतर या पानाकडं ती फिरकली नव्हती. सकाळी यादी करताना तिनं फोटो मोजले आणि पुढं सरकली. आता तिनं शेवटची करडी ओळ वाचली.

'प्रज्वल यांनी शेवटचा बदल केला: १८ जुलै.'

फोटोखण बंद पडण्याच्या दोन आठवडे आधी.

५

बुधवारी दुपारी गाळ्यात प्रज्वल एका मोबाइलची पाठ उघडून बसला होता. पौर्णिमाला पाहून त्यानं भिंग डोळ्यावरून काढलंच नाही.

"तुला माहीत होतं," ती उभ्या उभ्याच म्हणाली. "आईचे फोटो वाचवलेस, बाकीच्यांचे जळू दिलेस. सगळी पानं लाल, तुझंच तेवढं उघडतं. समितीनं तेवढंच बघावं म्हणून तू..."

"थांब गो," काका म्हणाले आणि स्टूल ओढून बसले. "आधी मला बोलू दे. यानं लाल पान केलेलं नाय. जुलैत यानं फोटो हलवले. विषवाला आला सप्टेंबरात. जुलैत कुनाच्या बापाला ठावं होतं तो येनार म्हनून? आनि यालाच लाल करायचं असतं तर सगळ्यात आधी आयचं पान लाल होऊ दिलं असतं. मग तू याच्याकडं बोट दाखवलं नसतंस."

प्रज्वलनं भिंग काढलं.

"पन दुकान बंद होनार हे याला आधी कळलं," काका पुढं म्हणाले. "खातं याच्या नावावर. सूचना खातेदारालाच येते. तुला नाय आली, सभासदांना नाय आली. यालाच आली. याचा गुन्हा येवढाच, की हा गप बसला. का बसला, ते याला इचार."

"गप बसलो नाय," प्रज्वल म्हणाला. "मेल आला त्याच दिवशी फोन केला. दुसऱ्या दिवशी पुन्ना केला. लागलाच नाय. मग ह्याच्या फोनवरून लावला," त्यानं शेजारच्या गाळ्याकडं मान हलवली, "तेव्हा रिंग वाजली. म्हंजी तू मला ब्लॉक केलं होतंस. मी कट केला. म्हटलं, मरू दे. आयचे तेवढे फोटो आपल्या सर्व्हरवर चढवले नि सोडून दिलं."

पौर्णिमानं मे महिन्यात भांडणाच्या झटक्यात त्याचा नंबर बंद केला होता आणि नंतर विसरूनही गेली होती. ती स्टुलाच्या कडेवर टेकली.

"एक चिठ्ठी टाकायची होतीस प्रज्वल. साडेसहाशे लोकांचं होतं ते."

"हो. टाकायला पायजे होती." तो खाली बघत म्हणाला. "रोज वाटायचं, आज टाकू. मग वाटायचं, ती इचारू दे आधी."

त्यानं खणातून काळी हार्ड डिस्क काढली आणि काउंटरवर ठेवली. "चारशे बारा. एकपन गेला नाय. बंद व्हायच्या आधी सगळे उतरवून घेतले होते. पन नेनार असशील तर पहिला फोटो मोठा करून बघ. मे महिन्यात तू तो बघितलाच नव्हतास."

६

तिनं पाहिला. ऑक्टोबर २०१०. सकुबाईच्या तळहातावर मूठभर दाणे, आणि प्रत्येक दाण्याच्या टोकाला काळी वाकडी चोच. प्रयोगशाळेत रोज भिंगाखाली दाणे ठेवणाऱ्या बाईला याहून जास्त पुरावा नको होता. जानकीबाईंच्या खाचराचा सगळ्यात जुना फोटो २०१२चा. घारूळ आणि घारसाळ एकच होतं, आणि टोकावड्याकडं ते आधी होतं.

गुरुवारभर दोघांनी फोटोखणचे पत्ते काढून फोटो आपल्या सर्व्हरवर चढवले; तिथं आता जागा पुरेशी होती. ब्राउझरवाल्या कंपनीला फेरतपासणीची विनंती धाडली. उत्तर आलं: काही दिवस लागू शकतात. प्रज्वलनं शिवी हासडली. पौर्णिमालाही तीच आठवली होती.

शुक्रवारी आटगावला जानकीबाईंच्या खळ्यावर समितीच्या बाई आल्या. जानकीबाई ठेवणीतलं लुगडं नेसून, पदर सावरून उभ्या होत्या. हार्ड डिस्कमधले फोटो लॅपटॉपवर बघून झाल्यावर बाईंनी कागदावर पेन टेकवला.

"हे वाण मूळचं यांच्याचकडचं ना?"

कागदावर जानकीबाईंचं नाव होतं. पौर्णिमानं 'हो' म्हटलं असतं तर तिथंच काम झालं असतं. शेजारी प्रज्वल उभा होता. दोन दिवस त्यानं या गोष्टीचा उच्चारही केला नव्हता, आणि हेच तिला जास्त जड जात होतं.

"नाही मॅडम," ती म्हणाली. "अर्ज चुकलाय. मी चुकवलाय. यांच्याआधीचा फोटो टोकावड्याचा आहे."

जानकीबाईंनी तिच्याकडं पाहिलं. "सकूकडचाच ना? मीच आणलं होतं ओटीभर. मला वाटलं, कागदावर जो पेरतो त्याचं नाव असतंय."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "मग हा अर्ज मागे घ्या. सगळ्यांच्या मिळून नावानं पुन्हा करा. यंदा मात्र होणार नाही. पुढच्या हंगामात."

एक वर्ष हातचं गेलं. पौर्णिमानं माघारीच्या कागदावर सही केली. नेसलेल्या लुगड्याची निरी जानकीबाईंनी उगाच दोनदा सारखी केली. गाडी निघून गेल्यावर त्या म्हणाल्या, "आता नेसलेच हाय तर सकूकडं तरी सोड मला. लय दिस झाले."

७

जीप करून सगळे टोकावड्याला पोचले तेव्हा सकुबाई अंगणात सूप घेऊन बसल्या होत्या. जानकीबाईंना बघून त्या सूप टाकून उठल्या. दोघी ओसरीवर बसल्या, आणि पौर्णिमानं जे मे महिन्यात विचारायला हवं होतं ते विचारलं.

"मावशी, जानकीबाईंना हे बी तुम्ही दिलंत. तुमच्याकडं कुठून आलं?"

"माझ्याकडं?" सकुबाई म्हणाल्या. "मला माझ्या आत्यानं दिलं गो. कसाऱ्याकडची. लग्नात पाठवणीच्या टोपलीत घातलं होतं. ती लावायची, तिची सासू लावायची."

प्रज्वल ताडकन वळला. "आय! हे तू मला कदी बोलली नाय. मी तुझ्या नावासाठी भांडलो, सहा म्हयने तोंड बघितलं नाय हिचं."

"तू कवा इचारलंस?" सकुबाई म्हणाल्या. "आला की फोटू काडायचा नि जायचा."

जयरामकाका खोकल्याचं निमित्त करून अंगणात गेले. प्रज्वलनं पौर्णिमाकडं पाहिलं. तिला रडावं की हसावं कळेना. मग तिनं पिशवीतून वही काढली आणि कोरं पान उघडलं.

"आत्या हयात आहेत?"

"हाय की. आयकायला कमी येतंय, पन बोलते."

"नाव काय त्यांचं?"

"भिमी."

पौर्णिमानं लिहून घेतलं आणि वहीवरून मान वर न करता म्हणाली, "प्रज्वल, उद्या शनिवार आहे. कसाऱ्याला येशील?"

"सकाळी सातला निघू," तो म्हणाला. "फोन करीन. लागेल ना?"

तिनं तिथल्या तिथं मोबाइल काढला आणि त्याचा नंबर मोकळा केला.